ग्यासबत्ती आणि गॅस कंपनी

परमुलखात जाऊन व्यवसाय करणाऱ्या कंपनीचा इतिहास बहुधा तिच्या भांडवलाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. स्थापना, संचालक, नफा आणि शेवटचे हस्तांतर एवढे सांगितले की तो पूर्ण झाला असे मानले जाते. बॉम्बे गॅस कंपनीविषयी वाचताना आम्हा दोघांना ही रीत अपुरी वाटली. आम्ही वसईच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमची वाट ताळेबंदातून नव्हे, भाषेतून जाते.

मुंबईतील गॅसच्या प्रकाशाचा आरंभ मात्र या कंपनीपासून होत नाही. अर्देशिर करसेटजी वाडिया या पारशी अभियंत्याने १८३४ मध्येच माझगाव येथील आपला बंगला व बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली होती. त्याचा सार्वजनिक व्यवसाय झाला तो १८६२ मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या कंपनीच्या हातून. ७ ऑक्टोबर १८६५ रोजी भेंडीबाजार, चर्चगेट स्ट्रीट आणि एस्प्लनेडच्या काही भागात रस्त्यावरचे गॅसचे दिवे प्रथम लागले. दिवे लावणारे एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे जात आणि कुतूहलाने भारलेला जमाव त्यांच्या मागोमाग चाले, अशी नोंद आहे.

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मधले. म्हणजे कंपनी स्थापन झाल्यानंतरचे, पण रस्त्यांवर गॅसचे दिवे लागण्यापूर्वीचे. हा कालक्रम वर्गात सांगत असता एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, दिवे लावणारे कोण होते?” इतिहासात जमावाचे कुतूहल नोंदले गेले, ज्यांच्या मागे जमाव चालला त्यांची ओळख मात्र कोणी विचारली नाही. तिच्या प्रश्नाने आमच्या अभ्यासक्रमातली एक पोकळी दाखवून दिली. गिरणी कामगाराला नारायण सुर्वे लाभले आणि तो पाठ्यपुस्तकात आला. त्याच लालबाग-परळच्या परिसरात कोळसा भाजून गॅस काढणारा कामगार तेथे आलेला नाही.

या कामाचे स्वरूप पाहावे. बंद भट्टीत कोळसा तापवायचा, निघालेला वायू धुऊन शुद्ध करायचा, प्रचंड टाकीत साठवायचा आणि जमिनीखालच्या नळांतून शहरभर सोडायचा. मागे कोक आणि डांबर उरे. नळातील वायू थंड झाला की त्यातील ओलाव्याचे पाणी होऊन सखल जागी साचे. ते वेळोवेळी उपसले नाही तर पुढचे दिवे लुकलुकू लागत. म्हणजे प्रकाश वर, खांबावर. तो टिकवणारे श्रम खाली, चिखलात.

आमच्या भाषेने या उद्योगातून एक शब्द उचलला आणि दूरवर नेला. खेड्यापाड्यांत लग्नाच्या वरातीत डोक्यावरून मिरवणारी, रॉकेलवर जळणारी पेट्रोमॅक्सही ‘ग्यासबत्ती’च झाली. जेथे कंपनीचा नळ कधी पोहोचला नाही, तेथे तिचा शब्द पोहोचला. कामगारांचा माग मात्र आम्हाला शब्दकोशात लागला नाही. तो लागला न्यायनिवाड्यात.

१९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या एका खटल्यात एका बाजूला ही कंपनी आहे, आणि दुसऱ्या बाजूला नळांतील पाणी उपसणारे व गॅसची उपकरणे दुरुस्त करणारे कामगार. १९५० च्या औद्योगिक निवाड्याच्या आधारे त्यांनी साप्ताहिक सुट्टीच्या वेतनाची थकबाकी मागितली होती. मागणी फार उशिरा आली, असा कंपनीचा आक्षेप होता. अशा मागणीला कायद्याने कालमर्यादा घातलेली नसेल तर न्यायालयाने ती आपल्या मनाने घालू नये, असे न्यायालयाने ठरवले. आम्हाला हे तत्त्व वाङ्मयेतिहासालाही लागू करावेसे वाटते. नोंद राहून गेली असेल तर ती मागण्याची मुदत संपत नाही.

हा प्रश्न केवळ जुन्या मुंबईचा नाही. १९९५ मध्ये मुंबईत महानगर गॅस स्थापन झाली तेव्हा भागीदारांत ब्रिटिश गॅस होतीच. १९९७ मध्ये त्याच समूहाने गुजरात गॅस घेतली आणि २०१३ मध्ये विकली. पुढे याच गुजरात गॅसचे नळ आमच्या वसई-विरारमध्ये आले. आता नळात कोळशाचा धूर नाही, नैसर्गिक वायू आहे, मालकीही बदलली. पण रस्ता खणून नळ टाकणारी आणि गळती शोधणारी माणसे आजही आपल्याला दिसतात ती वाहतुकीच्या अडथळ्याच्या रूपात. चुलीवरची निळी ज्योत पाहताना तीही आपल्याला आठवत नाहीत.

म्हणून यंदा आम्ही माडगावकरांच्या पुस्तकाशेजारी तो न्यायनिवाडा वाचायला ठेवला आहे. त्याची भाषा रुक्ष आहे आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येणार नाही. परंतु विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर आरंभ तेथूनच करावा लागेल.