मावेजा कुणाच्या हातात?

16 जून 2025, सोमवार. हिंगोली

कोर्टातून परतलो तर कळमनुरी तालुक्यातल्या एक आजी ओट्यावर बसलेल्या. पाझर तलावात गेलेल्या जमिनीचा वाढीव मावेजा कोर्टात जमा झाला आणि त्यांच्या वकिलांनी तो गेल्या वर्षीच उचलला. आजींना हे कळलं ते शेजारच्या पोरानं मोबाईलवर केस नंबर टाकून पाहिला तेव्हा. "साहेब, म्या इचारलं तर म्हनले, खर्चात गेले." हिशोबाचा कागद एकही नाही. कशाकशावर अंगठा घेतला, तेही त्यांना सांगता येईना.

तलाव, कालवे, महामार्ग यांत जमीन गेलेली घरं आपल्याकडे गावोगाव आहेत. जमीन गेली की तिच्या जागी एवढी एकच रक्कम उरते.

18 जून

रेकॉर्ड पाहिलं. रक्कम काढण्याच्या अर्जाला मुखत्यारपत्र जोडलेलं, त्यावर आजींचा अंगठा. रात्री बार कौन्सिलचे नियम पुन्हा काढून बसलो. त्यात संदिग्ध काही नाही. अशिलाने सोपवलेल्या पैशाचा हिशोब वकिलाने ठेवायचा, हा नियम 25. फी किती नि खर्चासाठी किती, हे वेगळं लिहायचं. अशिलाच्या लेखी सूचनेशिवाय खर्चाचे पैसे फीकडे वळवायचे नाहीत, हा 26. अशिलाच्या वतीने रक्कम मिळाली की शक्य तितक्या लवकर त्याला कळवायचं, हा 27. मागितल्यास हिशोबाची नक्कल द्यायची आणि हातातला पैसा स्वतःला कर्जाऊ घ्यायचा नाही, हे 30 नि 31. केस संपल्यावर ठरलेली फी वळती करून घेता येते, ती मुभा 28 मध्ये आहे. पण निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवायला नियम 20 ची सरळ बंदी आहे. मावेजाच्या केसेस किती ठिकाणी टक्क्यांवरच घेतल्या जातात, हे गावातलं पोरही सांगेल.

अमेरिकेत अशिलाचा पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवावा लागतो. आपल्याकडे हिशोबाची सक्ती आहे, वेगळ्या खात्याची नाही. ती असायला हवी.

22 जून, रविवार

दिवसभर जुने निकाल वाचले. 'विकास देशपांडे विरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडिया' हा आपल्या महाराष्ट्रातला, 2003 च्या निकालसंग्रहातला. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना बचावाचं आश्वासन देऊन वकिलाने मुखत्यारपत्र घेतलं, त्यांची जमीन विकली आणि पैसे त्यांना दिले नाहीत. त्या वकिलाची सनद कायमची गेली नि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. मुखत्यारपत्र हा शब्द वाचताना आजींचा अंगठा डोळ्यापुढे आला.

दुसरा निकाल उत्तर प्रदेशातला, 'हरीशचंद्र तिवारी विरुद्ध बैजू', 2002 चा. वृद्ध, निरक्षर माणसाच्या भूसंपादनाचे 8118 रुपये वकिलाने उचलले आणि तडजोड झाल्याचं खोटं शपथपत्र दाखल केलं. बार कौन्सिलने तीन वर्षांची बंदी घातली होती. सर्वोच्च न्यायालयाला ती अपुरी वाटली. त्या वकिलाचं नाव वकिलांच्या यादीतूनच काढलं. रक्कम किती, यापेक्षा ती कुणाची होती, हे न्यायालयाने पाहिलं. मला हा निकाल फार योग्य वाटतो.

27 जून

आजींची तक्रार लिहून झाली. ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 च्या कलम 35 खाली ती मुंबईला महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे जाईल. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर तिघांच्या शिस्तपालन समितीपुढे. ताकीद, काही काळ बंदी किंवा सनद रद्द, या शिक्षा. वर्षभरात निकाल लागला नाही तर कलम 36-ब प्रमाणे प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. आजींना मी दिल्ली सांगितली नाही; मुंबई ऐकूनच त्या गप्प झाल्या. ग्राहक आयोगाचा जवळचा रस्ता मे 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झालाय. फौजदारी विश्वासघाताची फिर्याद देता येते, पण तिथेही कागद लागतोच.

बाररूममध्ये एक ज्येष्ठ म्हणाले, "आपल्याच माणसाविरुद्ध?" मी म्हटलं, "दादा, आजी माझ्या अशील आहेत." अशिलाच्या हातात हळदविक्रीची पट्टी पडेपर्यंत फीसाठी थांबणारे कितीतरी वकील या जिल्ह्यात आहेत. त्यांच्या नावाला डाग लागू नये, म्हणूनही ही तक्रार गेली पाहिजे.

4 जुलै

त्या वकिलांचा निरोप आला: पैसे देतो, तक्रार मागे घ्या. आजींना म्हटलं, पैसे तुमचे आहेत, जरूर घ्या, पावतीवर रक्कम लिहून घ्या. पण तडजोड झाली किंवा तक्रार मागे घेतली, एवढ्याच कारणाने शिस्तभंगाची चौकशी थांबत नाही. नियमातच तसं लिहिलंय. चोरलेला पैसा परत केला म्हणून चोरी झालीच नाही, असं मी मानत नाही.

अपघाताच्या दाव्यात भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जावी, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये सांगितलं. जमिनीच्या मावेजालाही हेच सक्तीचं करा, ही माझी उच्च न्यायालयाला विनंती. आणि ज्यांची केस चालू आहे त्यांना: रक्कम स्वतःच्या खात्यात मागा, पैसे काढण्यासाठी मुखत्यारपत्र देऊ नका, आणि हिशोबाची नक्कल लेखी अर्ज करून मागा. ती देणं वकिलावर बंधनकारक आहे.