पोटखराबा

आजोबा गेल्यावर वारसनोंदीसाठी वंशावळ लिहून द्यायची होती. आदल्या रात्री कच्चा कागद करायला बसलो. काका नावं सांगत होते, मी लिहीत होतो. चार मुलगे, दोन मुली. आजी उंबऱ्याशी बसून बोटांची पेरं मोजत होती. "सहा नव्हं, आठ," ती म्हणाली. काका म्हणाले, "आई, हयात आहेत तेवढ्यांचीच द्यायची." ती गप्प झाली, पण अंगठा आठव्या पेरावरून हलला नाही.

त्या रात्री मला फ्रेडी आठवला. हा आमच्या घरातला नव्हे, अमेरिकेतल्या इंगल्सांच्या घरातला. लॉरा इंगल्स वाइल्डरच्या पुस्तकांची मराठी भाषांतरं मी शाळेत असताना वाचली होती. त्यात आई-बाबा होते, मेरी, लॉरा, कॅरी आणि धाकटी ग्रेस अशा चार बहिणी होत्या, जॅक नावाचा कुत्रा होता. भाऊ नव्हता. तो होता हे फार उशिरा कळलं, आणि जरा रागच आला. कुत्र्याला जागा मिळाली, भावाला नाही.

लॉराचे आई-बाबा, चार्ल्स आणि कॅरोलाइन, यांचं लग्न विस्कॉन्सिनमध्ये १८६० साली झालं. ती लग्नाआधी शाळेत शिकवायची. तो सुतारकाम, शिकार, शेती सगळं करायचा, रात्री फिडल वाजवायचा आणि एका जागी त्याचा पाय ठरत नसे. मग विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. विस्कॉन्सिनचं जंगल, कॅन्ससचं माळरान, परत विस्कॉन्सिन, मग मिनेसोटा, आयोवा, पुन्हा मिनेसोटा आणि शेवटी डकोटा. नकाशावर बोट फिरवलं तर पोरानं काढलेल्या रेघोट्या वाटतात.

कॅन्ससबद्दल थांबून बोलायला हवं. १८६९ साली त्यांनी जिथे लाकडी घर बांधलं, ती जमीन ओसेज या मूळनिवासी लोकांची होती. ती रीतसर खुली झालेली नव्हती, तरी गाड्या भरभरून माणसं येत होती, त्यातलेच हे एक. कॅरी तिथेच जन्मली. दीड-दोन वर्षांत इंगल्स तिथून निघाले. ओसेजांनाही निघावं लागलं, पण ते कायमचं, आणि त्यांच्या सामानाच्या गाड्यांवर कुणी बालसाहित्य लिहिलं नाही. तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचा मजकूर लॉराच्या १९३५च्या पुस्तकात होता. १९५२ साली एका वाचकाने पत्र लिहून कान धरला, तेव्हा 'माणसं' हा शब्द बदलून 'वसाहतकार' असा केला गेला. लॉराने चूक मान्य केली. पण सतरा वर्षं ती कुणाच्या डोळ्यात खुपली नव्हती. माझ्याही नाही, मी तर पुढच्या पिढीचा वाचक.

मिनेसोटात प्लम क्रीकच्या काठाला कोरलेल्या मातीच्या घरात ते राहिले. पुढे चार्ल्सने उधारीवर लाकूड आणून चांगलं घर बांधलं, गव्हाच्या भरवशावर. गहू कापणीला आला आणि टोळधाड आली. टोळ कसे खातात ते लॉराने कानाने टिपलं आहे: लक्षावधी जबड्यांचा एकसारखा आवाज. (या जातीचा शेवटचा जिवंत टोळ १९०२ साली कॅनडात मिळाला. चार्ल्स वारला तेही १९०२ साली. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.) दोन हंगाम गेले. चार्ल्स दुसऱ्यांच्या पिकांच्या कापणीला पूर्वेकडे मजुरीला गेला.

याच दिवसांत, १ नोव्हेंबर १८७५ला, फ्रेडी झाला. चौथं अपत्य, एकुलता मुलगा. पुढच्या वर्षी शेत सोडून आयोवाला जाताना ते वाटेत चुलत्याच्या घरी उतरले होते. तिथे २७ ऑगस्टला तो गेला. नऊ महिन्यांचा. गाडी पुढे निघाली, कारण पुढे आयोवातल्या हॉटेलातलं काम वाट बघत होतं. लॉराने प्रौढ वाचकांसाठी लिहिलेल्या, २०१४ साली छापून आलेल्या आठवणींत त्याला मोजक्या ओळी मिळतात. मुलांच्या पुस्तकांत एकही नाही.

१८७९ साली मेरीची दृष्टी गेली. त्याच वर्षी ते डकोटात आले. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत, नोंदणीची किरकोळ फी भरून, अट एकच: पाच वर्षं तिथे राहायचं, कसायचं. दुसराच हिवाळा, १८८०-८१चा, असा की आगगाड्या महिनोन्‌महिने बंद पडल्या. कॅरोलाइन गवताचे पीळ जाळून चूल पेटती ठेवी आणि कॉफी दळायच्या गिरणीत बियाण्याचा गहू दळी. एवढ्याशा गिरणीवर दिवसभर आळीपाळीने हात चालायचे, तेव्हा कुठे दिवसाची भाकरी व्हायची. पुस्तकांचा नायक चार्ल्स आहे. माझ्या मते घर कॅरोलाइनने टिकवलं. आणखी पश्चिमेला जायचं नाही, मुली शाळेत शिकतील, हे तिने ठरवलं आणि चार्ल्सची गाडी डी स्मेट गावाशी थांबली. कोवळ्या वयातच लॉरा मास्तरीण झाली, आणि तिच्या पगाराने मेरीच्या अंधशाळेच्या शिक्षणाला हातभार लागला.

त्या शेतावर चार्ल्सने कॉटनवूडची पाच झाडं लावली, एक बायकोचं, चार मुलींची. फ्रेडीचं नाही.

मेरीने लग्न केलं नाही. कॅरी आणि ग्रेसला मूल झालं नाही. लॉराचा मुलगा नाव ठेवायच्या आत गेला. राहिली लॉराची मुलगी रोझ, ती १९६८ साली निपुत्रिक वारली. लाखो वाचकांना ज्यांची नावं पाठ, त्या नवरा-बायकोचा वंश तिथे संपला. फ्रेडीची कबर कुठे आहे, हेही कुणाला ठाऊक नाही.

वंशावळीचा कागद मी सहा नावांचाच दिला. दुसऱ्या दिवशी आजी मला बांधावरच्या बाभळीपाशी घेऊन गेली. तिथे दोन दगड आहेत, एकमेकांपासून हातभर अंतरावर. आजोबा पन्नास वर्षं तेवढा तुकडा सोडून नांगर वळवत आले. सातबाऱ्यावर तो पोटखराबा म्हणून लागला आहे.