रेवदंड्याचा कोट

रेवदंड्याचा फिरंगी, म्हणजे पोर्तुगीजांचा, कोट ढासळतोय तर ढासळू दे, असं माझं बरीच वर्षं मत होतं आणि मी ते चारचौघांत बोलूनही दाखवत असे. पैसा आणि माणसं आधीच अपुरी. आहेत ती रायगडाला, राजगडाला लागू देत. ज्यांनी या किनाऱ्यावर देवळं पाडली, धर्मासाठी माणसं छळली, त्यांच्या चर्चच्या कमानी आपण कशाला सावरायच्या? अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता थेट कोटातून जातो, तरी मी तिथे कधी उतरत नसे. माझा मुक्काम अलीकडे, चौलला. रामेश्वराची पुष्करणी, हिंगळजाच्या डोंगरातली लेणी, हे माझं वाटायचं.

चौलबद्दल मात्र मी भरभरून बोलायचे. कान्हेरीच्या शिलालेखांत या बंदराचं नाव आहे, ग्रीक लेखकांनी ते नोंदवलंय. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे उत्खनन केलं, त्यात रोमन मद्यकुंभांची खापरं निघाली. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल् मसूदी येऊन गेला; इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन याच किनाऱ्यावर उतरला. हे सांगताना ऊर भरून यायचा. रोमन खापराचा तुकडा मला आपला वाटत होता आणि कोसभरावरचा अख्खा तट परका. या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी नांदत होत्या.

व्यापारी आणि राज्यकर्ता यांत फरक आहेच, तो मी आजही पुसणार नाही. पोर्तुगीज आधी वखारीपुरते आले, 1521 मध्ये निजामशाहीची परवानगी मिळवून त्यांनी किल्ला उभारायला घेतला, आणि 1570-71 मध्ये त्याच निजामशाहीचा वेढा परतवून लावला. तलवारीच्या जोरावर बसलेली माणसं ती. पण म्हणून त्यांचा तट पडू द्यावा, हे त्यातून निघत नाही. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, वादळानं शिकवलं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. पुढे वाट सुरू झाल्यावर एका ओळखीच्या वाडीवाल्यांकडे गेले होते. नारळ मुळासकट उपटलेले, पोफळी कंबरेतून मोडून एकमेकींवर पडलेल्या. झाडोरा गेल्यामुळे एरवी कधी न दिसलेला तट लांबवर उघडा पडला होता. काका तटाला पाठ टेकून उभे होते. म्हणाले, "त्या दिवशी तटानंही हात टेकले, ताई. पण एरवी हा नसता, तर खाऱ्या वाऱ्यात पोफळ धरली असती का इथं? आमच्या आज्यापासून आम्ही याच्या आडोशाला आहोत." तट कोणी बांधला हा त्यांच्या बोलण्यात मुद्दाच नव्हता. कोटाच्या आत घरं, विहिरी, वाड्या, शाळा असं सगळं गाव पिढ्यानपिढ्या राहतंय आणि मी बाहेरून येऊन त्याला परकं म्हणत होते.

त्यानंतर मी सातखणी मनोऱ्याच्या पायथ्याशी गेले. फ्रान्सिस्कन मठाचा हा मनोरा. वरचे मजले कधीच गेले, उरलेला भाग उंच, एकटा उभा आहे. दगडांच्या सांध्यात पिंपळाचं मनगटाएवढं मूळ शिरलेलं. त्याच्याखाली हात धरला तर चुना पिठासारखा तळव्यावर झरला. दर पावसाळ्यात ते मूळ थोडं थोडं आत सरकणार, सांधा फाकत जाणार, आणि एके दिवशी वरचा दगड खाली येणार.

वसईचा विजय आपण अभिमानानं सांगतो, 1739 चा. त्याच्या पाठोपाठ 1740 मध्ये रेवदंडा आणि खाडीपलीकडचं कोर्लई मराठ्यांकडे आलं. जिंकला तो हाच कोट. तो मातीला मिळाला, तर पोराबाळांना तो विजय दाखवायचा कुठे? आणि कोर्लईत आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. रेवदंड्यातच मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे. यांतलं कोण परकं, हे ठरवायला बसले तेव्हा माझ्याजवळ उत्तर उरलं नाही.

माझ्या घरात हे सगळ्यांना पटलेलं नाही. धर्मछळाची गोष्ट तुम्ही झाकणार का, असं मला विचारतात. मुळीच नाही. तीच आधी लिहावी, मनोऱ्यापाशी, ठळक मराठीत. आणि तिच्याखाली निजामशाहीचा वेढा, 1740, निकितिन, वाडीवाले, सगळं. मुळं जाणत्या माणसांकडून काढून घ्यावीत, ओढून नव्हे. सांधे चुन्यानं भरावेत. सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि जुना दगड सोलवटतो. वाड्यांना हात लावू नये. एवढ्यासाठी राजगडाच्या वाट्याचा थोडा पैसा इकडे वळवावा लागला, तर आता माझी हरकत नाही.