एकच प्रत

आमच्या तीर्थरूपांनीं १९८८ सालीं एक्सटी घाटणीचा संगणक घेतला आणि कुलवृत्तान्ताचीं टिपणें त्यावर लिहून काढलीं. ते गेले, मागें सव्वापांच इंची एकच फ्लॉपी राहिली.

गेल्या दिवाळींत तें यंत्र आम्हीं माळ्यावरून खालीं काढलें. पुतण्या म्हणाला, "काका, घाला ना आजोबांची फ्लॉपी!" आम्हीं त्याचा हात धरला. ज्या यंत्राचा भरंवसा नाहीं, त्याच्या स्वाधीन एकुलती एक वस्तु कशी करावी?

कळ दाबतांच पडद्यावर स्मृतीची मोजणी सुरू झाली, ती मध्येंच अडली. स्मृतीच्या चिप्स खोबणींत बसविलेल्या असतात. तापून निवून त्या वर्षानुवर्षें वर सरकतात. वीज तोडून आम्हीं त्या एकेक करून अंगठ्यानें दाबल्या, तेव्हां मोजणी ६४० किलोबाइटपर्यंत पोहोंचली. हार्डडिस्क तर उठेचना. मग फ्लॉपी वाचणारीं शीर्षें आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून डॉसच्या फ्लॉपीवरून यंत्र चालू केलें. कोऱ्या फ्लॉपीवर लिहून-वाचून खात्री केली. चुकून कांहीं लिहिलें जाऊं नये म्हणून तीर्थरूपांच्या फ्लॉपीची खांच चिकटपट्टीनें झांकली, आणि मगच ती आंत सारली.

टिपणें उमटलीं, शेवटचें पान मात्र वाचतां आलें नाहीं. त्यांत आमच्या मातोश्रींविषयीं लिहिलें होतें, असें वहिनी सांगतात.

जुन्या पोथ्या टिकल्या, त्या नकला होत गेल्या म्हणून. उरलेलें सर्व छापून आम्हीं तिन्ही बिऱ्हाडीं एकेक प्रत धाडली. वाचकांनींही आपल्या घरची एकुलती प्रत आजच काढून पाहावी.