वळणावर तहानलेले इंजिन

१/ वेगवान वळणावर इंजिनातील तेलही बाहेरच्या बाजूस सरकते. बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. शोषनळी उघडी पडते, पंप हवा ओढतो, बेअरिंगवरील तेलाचा थर तुटतो आणि धातू धातूवर घासून इंजिन निकामी होते.

२/ १९६४ साली उत्पादनात आलेल्या पोर्शे ९११ मध्ये यावर ‘ड्राय संप’ हा उपाय होता. एक पंप इंजिनाच्या तळाचे तेल उपसून स्वतंत्र टाकीत टाकी. दुसरा टाकीच्या बुडातून ते दाबाने बेअरिंगांना पुरवी.

३/ १९७२ च्या मॉडेलात ही टाकी मागील चाकाच्या पुढे आली, तिचे झाकण उजव्या अंगावर बाहेरून दिसू लागले. पंपावर काहींनी त्यातच पेट्रोल ओतले! पुढील वर्षीच टाकी मूळ जागी परतली.