चंदनाचा गणपती

आषाढातल्या एका ओल्या सकाळी दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत मी बसलो, तेव्हा माझ्यापाशी सामान फारसे नव्हते. होता तो एक जुना प्रश्न, आणि तो माझ्या मावशीने, तिच्याही नकळत, माझ्या स्वाधीन केलेला होता. 21 सप्टेंबर 1995 रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागले, त्या दिवशी ती वाटी-चमचा घेऊन देवळापुढच्या रांगेत तीन तास उभी राहिली, आणि संध्याकाळी मी तिला पृष्ठताणाचा नियम, शास्त्रज्ञांनी रंगीत दुधाने केलेला प्रयोग, मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळणारी ती पातळ, सहसा न दिसणारी धार, हे सगळे सप्रमाण समजावून दिले. माझे म्हणणे अक्षरशः खरे होते, आजही आहे. मावशी काही न बोलता उठली, तिने ती वाटी घासून फडताळात पालथी घातली, आणि पुढे हयात असेपर्यंत माझ्यासमोर देवाचे नाव म्हणून काढले नाही. खोटे खोडून काढताना मी तिच्या कोणत्या खऱ्या गोष्टीला धक्का लावला, हे मला कळून घ्यायचे होते. आणि जिथे गणपती हातांनी घडतात व जिथे विनोबा जन्मले, त्या पेण तालुक्यावाचून त्यासाठी दुसरी जागा मला सुचली नाही.

आधी मात्र थेट रोह्याला उतरलो. कुंडलिकेला तांबडे पाणी आले होते आणि धावीर महाराजांच्या देवळात त्या वेळी चार-दोनच माणसे होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या ग्रामदैवताची पालखी निघते तेव्हा सशस्त्र पोलीस तिला मानवंदना देतात. इंग्रजी अमदानीपासूनचा हा शिरस्ता स्वराज्यातही चालू राहिला. सर्व धर्मांना समान लेखण्याची शपथ वाहिलेल्या सरकारने एका दैवतापुढे बंदुका धराव्यात, हे माझ्या मनाला पटत नाही, आणि ते मी देवळाच्या पायरीवर बसूनही स्वतःशी कबूल केले. परंतु त्याच पालखीचे दुसरे अंग माझ्या मनातून जाईना: देऊळ सोडून देव आळीआळीतून फिरतो, उंबरठ्यापाशी थांबतो, आणि ज्या म्हातारीला देवळाची पायरी चढवत नाही तिला त्या दिवशी रांगेत उभे राहावे लागत नाही. मावशी तीन तास उभी होती.

परतीच्या गाडीने पेणला उतरलो आणि खोपोलीच्या रस्त्याने गागोद्याकडे वळलो. डोंगराच्या कुशीत, लावणीच्या चिखलात गुडघाभर उतरलेले हे लहानसे गाव. इथे 11 सप्टेंबर 1895 रोजी, हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात मोडत असताना, विनायक नरहर भावे, म्हणजेच विनोबा, यांचा जन्म झाला. त्यांच्या आजोबांच्या, शंभुरावांच्या, देवपूजेच्या दोन आठवणी विनोबांनी आयुष्यभर जपल्या. पूजा चालू असताना एकदा देवाच्या मूर्तीवर विंचू चढला; घरातली माणसे ‘विंचू, विंचू, मारा’ म्हणून धावली, तेव्हा आजोबांनी हात आडवा केला, कारण जो देवाच्या पायाशी आश्रयाला आला त्याला अभय आहे; पूजा यथासांग पुरी झाली आणि विंचू आल्या वाटेने उतरून गेला. दुसरी आठवण गणेशचतुर्थीची. आजोबा बाजारातून मूर्ती आणत नसत; घरातली मुले सहाणेवर चंदन उगाळत, त्या गंधाचा गणपती घडे, त्याची प्राणप्रतिष्ठा होई, पूजा-आरती होई, आणि ठरल्या दिवशी तोच गणपती पाण्यात सोडून दिला जाई. स्वतःच्या मनगटांनी उगाळलेला देव स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडायचा, हे शिक्षण त्या वयात ज्याला मिळाले, त्याला देव कोणाच्या मालकीचा असतो असे पुढे कोणी पटवू शकले नाही, यात मला काही नवल वाटत नाही.

पटवू पाहणारे पुष्कळ निघाले. 1953 च्या सप्टेंबरात तेव्हाच्या बिहारमधल्या वैद्यनाथधामच्या देवळात हरिजनांना बरोबर घेऊन विनोबा गेले, तेव्हा पंड्यांनी त्यांना मारहाण केली आणि त्यांच्या कानाला इजा झाली. तरीही मारणाऱ्यांना शासन होऊ नये अशीच त्यांची भूमिका राहिली. पुरीला जगन्नाथाच्या दारातून ते दर्शनावाचून मागे फिरले, कारण सोबतच्या एका फ्रेंच बाईला आत मज्जाव होता. पंढरपूरचा दरवाजा अस्पृश्यांना खुला व्हावा म्हणून 1947 साली साने गुरुजींनी प्राण पणाला लावले होते. तेच साने गुरुजी, ज्यांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने लिहून घेतली. 1958 मध्ये विनोबा विठ्ठलापुढे उभे राहिले ते इतर धर्मांच्या माणसांना बरोबर घेऊन. देवळांच्या वहिवाटदारांशी एवढे भांडण करूनही ज्याची श्रद्धा तसूभर उणावली नाही, असा माणूस या मातीत निपजला. आणि मी एका प्रयोगाच्या बळावर मावशीशी वाद जिंकून घरी आलो होतो.

अंधश्रद्धांविरुद्ध लढलेल्या नरेंद्र दाभोलकरांचे स्मरण मला गागोद्यातल्या भाव्यांच्या ओसरीवर झाल्यावाचून राहिले नाही. आपला विरोध देवाला किंवा धर्माला नसून त्यांच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे, हे त्यांनी जन्मभर सांगितले, आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, त्याचा वटहुकूम चार दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. त्यांच्या मरणापर्यंत झालेला हा विलंब मला अजून सहन होत नाही. दुधाच्या रांगेला खोटे म्हणणे आवश्यकच होते. ते त्यांनीही म्हटले असते. पण रांगेतल्या बाईचे तीन तास कशासाठी होते, हे त्यांनी तिला आधी विचारले असते, असे मला वाटते.

संध्याकाळी हमरापूरला पोचलो. जोहे, कळवे, हमरापूर, या पट्ट्यात घरटी कारखाना. ताडपत्रीखाली रांगेने बसलेले शेकडो पांढरे गणपती, अजून रंगावाचून, अजून डोळ्यांवाचून. बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसचे, जे पाण्यात विरघळत नाही, आणि ज्याच्या मूर्तींना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या सूचनांत मनाई केली. त्यावर या गावांचे पोट चालते, म्हणून हा प्रश्न केवळ हुकुमाने सुटणारा नव्हे. एका कारखान्यात मात्र शाडूचेच काम होते. तिथल्या वृद्ध मूर्तिकाराला मी विचारले, “बाबा, दिवसभर हात फिरवता, तर यात देव दिसतो का?”

“आखणी होईपर्यंत माल असतो, भाऊ,” ते ब्रश न थांबवता म्हणाले. “डोळे काढले की मी हात जोडतो. गिऱ्हाईक घेऊन गेला, पूजा केली, की देव. अनंतचतुर्दशीनंतर परत माती.”

“मग तो देव जातो कुठे?”

“ते ज्यानं बोलावला त्यानं सांगावं.”

बोलता बोलता त्यांनी कोपऱ्यातली एक वीतभर मूर्ती उचलली. वाळताना तिची सोंड तडकली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी, तान्हे मूल न्हाऊ घालावे तशी, पाण्याच्या घमेल्यात ठेवली. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. आधी कान सैल झाले, मग हात, मग पोटाची गोलाई पसरत गेली, आणि दिवे लागायच्या सुमारास घमेल्यात फक्त मऊ, राखाडी माती उरली. म्हाताऱ्यांनी ती मळायला घेतली.