मांजरालाही वावडे असते

तुमच्या घरी मांजर आहे का? असणारच. ज्या घरात दाणा आहे तिथे उंदीर आहे, आणि उंदीर आहे तिथे मांजर आहे. त्याला कोणी विकत आणत नाही. ते आपणहून येते, माळ्यावर विते आणि घरचे होऊन जाते. म्हैस आजारी पडली तर आपण रात्री डॉक्टरला उठवून आणतो. मांजराचे कोणी मनावर घेत नाही.

आमच्या मनीच्या शेपटीच्या मुळाशी आणि पोटाखाली गेल्या पावसाळ्यात केस जाऊ लागले. पाठीवर हात फिरवला की राळ्याच्या दाण्यासारख्या बारीक खपल्या बोटांना लागत. दिवसभर अंग चाटत बसायची. सासूबाई म्हणाल्या, "लूत भरली हिला. लेकराच्या अंथरुणात शिरते. पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या." त्यांचेही खोटे नव्हते, घरात दोन वर्षांचे मूल. पोते काढून ठेवलेही होते. शेजारच्या अण्णांना दया आली, ते बैलांच्या गोचिडांवरचे उरलेले औषध बाटलीत घेऊन आले. मी म्हटले, उद्या तालुक्याला जायचेच आहे, डॉक्टरांना दाखवू, मग काय ते करू.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लूत नव्हती. मग बारीक दातांची फणी, आपण मुलींच्या उवा काढतो तशी, मनीच्या पाठीवरून फिरवली. कागदावर काळे कण पडले. त्यांवर पाण्याचे थेंब टाकले, तर कणांभोवती तांबूस डाग पसरला. ती पिसवांची घाण होती, म्हणजे मनीचेच पचलेले रक्त. डॉक्टर म्हणाले, हिला पिसवांची ॲलर्जी आहे.

ॲलर्जी म्हणजे आपले वावडेच हो. एखाद्याला वांगे खाल्ले की अंगावर उठते, दुसऱ्याला काही होत नाही, तसेच हे. पिसू चावताना तिची लाळ कातडीत जाते. काही मांजरांना अंगभर पिसवा असूनही फारसे काही वाटत नाही. वावडे असलेल्याला दोन-चार चावे पुरतात, आणि खाज कित्येक दिवस राहते. शिवाय मांजर चाटता चाटता पिसवा गिळून टाकते. म्हणून पिसू दिसली नाही तर पिसू नाहीच असे समजू नका. फणी आणि ओला पांढरा कागद, ही परीक्षा घरी कोणालाही करता येते.

आता अण्णांच्या बाटलीविषयी. गोचिडांवरच्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन किंवा त्याच्या जातीचे विष असते. बैलाला ते सोसते, कुत्र्यालाही बहुधा सोसते, पण मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही. अंग थरथरते, झटके येतात आणि मांजर जाते. वर ते अंग चाटते, म्हणजे जे लावाल ते पोटात गेलेच. म्हणून रॉकेल नको, फिनेल नको, डांबरगोळ्यांची पूड नको. कोठे बीएचसी पावडरचा जुना डबा पडून असेल तर तोही नको. त्या पावडरीवर १९९७ सालीच बंदी आली आहे. आणि माणसाची तापाची पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

मनीला मांजरांसाठीचेच, वजनाप्रमाणे थेंब दिले. मानेवर, जिथे जीभ पोचत नाही अशा जागी, केस बाजूला सारून कातडीवर टाकायचे. महिन्याने पुन्हा. घरातल्या बोक्यालाही टाकावे लागले, नाहीतर एकाच्या पिसवा दुसऱ्यावर. अगदी लहान पिल्लांना मात्र नुसती फणी.

एवढ्याने भागत नाही, कारण पिसवांचा बहुतेक संसार मांजराच्या अंगावर नसतो, तो आपल्या घरात असतो. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ती गळून गोधडीत, गोणपाटात, जमिनीच्या भेगांत पडतात. अळी कोष करते आणि त्यात पिसू महिनोन् महिने दबा धरून बसते. ऊसतोडीहून परतलेल्या माणसाने बंद घर उघडले की पायांवर पिसवा उड्या मारतात, त्या याच. मांजर निजते ते गोणपाट उकळत्या पाण्यातून काढा, कडक उन्हात टाका. कोपरे रोज झाडा, केर जाळा, भेगा लिंपून घ्या. तीन महिने नेट धरावा लागतो. आमच्याकडे दुसऱ्या महिन्यात केस फुटू लागले, आणि सासूबाईंनी न बोलता पोते उचलून कणगीमागे ठेवले.

सगळीच खाज पिसवांची नसते. तोंड, कान, मान खाजवून रक्त काढत असेल तर खाण्याचे वावडे असू शकते. मासळी, कोंबडी, दूध, काहीही. ओळखायला सहा ते आठ आठवडे पूर्वी कधी न खाल्लेले एकच मांस द्यावे लागते. चार घरी जेवणाऱ्या आणि वर उंदीर मारणाऱ्या मांजराला ते कसे जमवायचे, हे तुम्हीच सांगा! दुधाने नुसते ढाळ होत असतील तर ते वावडे नव्हे. मोठ्या मांजराला दूध पचत नाही, एवढेच. खाज थांबवणारे इंजेक्शन लगेच गुण देते, पण कारण तसेच ठेवून तेच पुन्हा पुन्हा घेतले तर मांजराला मधुमेह होण्याची भीती असते.

आणि केस गोल चकत्यांनी गेले असतील तर तो बहुधा नायटा. तो मुलांना लागतो. तेव्हा मांजर वेगळे ठेवा, हात धुवा, आणि लेकराच्या अंगावर चट्टा दिसला तर मांजराबरोबर लेकरालाही डॉक्टरकडे न्या.